घरफोडीचा अलार्म: कुठला घ्यावा, कुठे लावावा आणि तो बंद का पडतो

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागला आईवडिलांचं रो-हाऊस आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि त्यांची झोपायची खोली. वर दोन खोल्या आणि गच्ची. मागे परसदार. दोघंही सत्तरीच्या पुढचे, वर्षातून तीन-चारदा आठ-पंधरा दिवस मुलाकडे पुण्याला जातात. दिवाळीत पलीकडच्या गल्लीत दोन बंद घरं फुटली. आता हातात तीन कोटेशनं आहेत: एक वायरिंगवाल्या अलार्मचं, एक वाय-फायवर चालणाऱ्या किटचं आणि एक "अलार्म कशाला, चार कॅमेरे बसवा" म्हणणाऱ्याचं. बजेट २५ हजार. कुठलं घ्यावं?

मी सांगली-मिरज भागात हेच काम गेली बावीस वर्षं करतोय. तिन्ही कोटेशनं जरा वेळ बाजूला ठेवा आणि घराच्या पुढच्या दारासमोर जाऊन उभे राहा. दाराला बाहेरून कडी-कोयंडा आणि त्यात लटकणारं कुलूप आहे ना? रस्त्यावरून जाणाऱ्याला ते कुलूप "घरात कुणी नाही" एवढंच सांगतं. वर कोयंडा बसवलेला असतो इंचभर लांबीच्या चार स्क्रूंवर. चोरी झाल्यावर मला बोलावतात तेव्हा बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं: चांगलं महागडं कुलूप तसंच बंद, कोयंड्यासकट उंबऱ्यापाशी पडलेलं. कुलपाला कुणी हातही लावलेला नसतो. कटावणी कोयंड्याखाली घालून एक हिसका, बस्स.

म्हणून पहिले चार-पाच हजार सुताराला आणि वेल्डरला द्या. पुढच्या दाराला आतल्या अंगाचं लॉक बसवा, म्हणजे घर बंद आहे की माणसं आत आहेत हे बाहेरून कळणार नाही. कोयंडा ठेवायचाच असेल तर स्क्रू काढून आरपार बोल्ट टाका, नट आतून. गच्चीच्या दाराला आतून अडसर. परसदाराची फळी खाली कुजली असेल तर बदलून घ्या. हे सांगतो म्हणून माझं नुकसान होतं असं माझा मुलगा म्हणतो, पण कारण साधं आहे. अलार्म चोराला अडवत नाही, त्याला घाई करायला लावतो. दार दहा सेकंदांत उघडत असेल तर हूटर, म्हणजे अलार्मचा भोंगा, वाजेपर्यंत तो कपाटापाशी पोचलेला असतो. दाराने चार-पाच मिनिटं खाल्ली, तर घाईला अर्थ.

आणि सोनं घरात ठेवू नका. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे लॉकरमधला ऐवज आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने गेला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. तेवढ्याने सगळं भरून येईलच असं नाही. तरीही कपाटाच्या चोरकप्प्यापेक्षा बरं. चोरकप्पा कुठे असतो हे चोराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आता अलार्म. दुरुस्तीच्या कॉलवर गेलो की मी आधी विचारतो, "शेवटचा कधी चालू केला होता?" आणि मग नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. तुमच्या गल्लीतही भिंतीवर लाल दिव्याचा हूटर आणि आत बंद पॅनेल (सगळे सेन्सर ज्याला जोडतात तो मुख्य डबा) असं एखादं घर असेलच. सिस्टीम बिघडलेली नसते. ती रात्री-बेरात्री उगाच वाजली, शेजारी बोलले, आजोबांना दचकून धाप लागली, आणि कुणीतरी एक दिवस प्लग काढला तो काढलाच. त्यामुळे मी सिस्टीम निवडताना ती किती चोर पकडेल याच्या आधी ती उगाच किती वेळा बोंबलेल हे बघतो.

उगाच वाजण्याचं मुख्य कारण मोशन सेन्सर, ज्याला आम्ही पीआयआर म्हणतो. तो कसा बघतो हे कळलं की निम्मे त्रास टळतात. त्याच्या पुढच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या भिंगाला बारीक चकत्या असतात, त्या खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडतात. एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात ऊब सरकली की सेन्सर जागा होतो. म्हणजे समोरून आडवा जाणारा माणूस त्याला लगेच दिसतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा दिसतो. म्हणून दाराच्या बरोबर समोर सेन्सर लावायचा नाही, कोपऱ्यात लावायचा, सात-साडेसात फुटांवर, म्हणजे आत आलेला माणूस पट्टे कापत जाईल. खिडकीकडे तोंड नको, विशेषतः पश्चिमेच्या. एसीचा झोत नको, फ्रिजची मागची बाजू नको. आणि देवघर दिसता कामा नये. संध्याकाळी दिवा लावून, अलार्म चालू करून देवळात गेलं की समईच्या हलत्या ज्योतीवर सेन्सर कधी फसेल सांगता येत नाही.

मे महिन्यात उलटा प्रकार. दुपारी बंद घरातली भिंत सदतीस-अडतीस अंशांवर गेली की माणसाची त्वचा आणि भिंत यांत फरकच उरत नाही, आणि सेन्सर अर्धवट आंधळा होतो. बऱ्या सेन्सरमध्ये तापमानाची भरपाई करणारी सोय असते. कोटेशनमध्ये ती आहे का विचारा. आणि चाचणी डिसेंबरातल्या सकाळी झाली असली तरी मे महिन्यात दुपारी दोन वाजता परत एकदा करा.

पालीचं मात्र सविस्तर सांगतो. मिरजेत एका डॉक्टरांच्या घरी ओळीने तीन रात्री हूटर वाजला, दरवेळी अडीच-पावणेतीनच्या सुमाराला. मी सेन्सर बदलला. चौथ्या रात्री परत. शेवटी मी स्वतः त्यांच्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसलो. अडीचच्या पुढे ट्यूबच्या पट्टीमागून एक पाल निघाली, भिंतीवरून सरकत सेन्सरवर आली आणि भिंगावर पोट टेकवून बसली. जिन्यातला झिरोचा दिवा आणि सेन्सरचा स्वतःचा लुकलुकणारा लाल दिवा, दोन्हीकडे चिलटं येत होती आणि ती चिलटं खायला ही. पाल एवढीशी, पण भिंगालाच चिकटली की सेन्सरच्या लेखी खोलीभर काहीतरी हललेलं असतं. त्यावर केलं काय? सेन्सरचा दिवा आतल्या जंपरने (छोट्या काढघालीच्या पिनेने) बंद केला, वायर जिथून आत जाते ते भोक सिलिकॉनने बुजवलं, म्हणजे मुंग्या आणि झुरळं आत जाणार नाहीत, आणि सेन्सर ट्यूबपासून तीन फूट लांब सरकवला. त्यानंतर तिथून कॉल नाही. तेव्हापासून मी नवीन घरी कुठलाही सेन्सर बसवण्याआधी पाली कुठून फिरतात हे घरच्या बाईंना विचारतो. त्यांना बरोबर माहीत असतं.

दाराचा मॅग्नेट सेन्सर त्या मानाने गरीब गाय. चौकटीला एक तुकडा, दाराला लोहचुंबकाचा तुकडा, दार उघडलं की दोघं दुरावतात आणि आतलं सर्किट तुटतं. अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली दारं-खिडक्यांना तारा जोडून घंटा वाजवणारा अलार्म पेटंट केला, त्यात दार उघडलं की सर्किट जुळायचं. आता उलट: सर्किट कायम जुळलेलं, तुटलं की बोंब. त्यामुळे कुणी वायर कापली तरी वाजतो.

इथे आपल्याकडच्या दोन अडचणी. एक, लोखंडी सेफ्टी डोअर. साधा मॅग्नेट लोखंडावर बसवला की लोखंडच चुंबकाची ताकद खातं आणि सेन्सर मनमानी वागतो. तो आतल्या लाकडी दाराला बसवा, किंवा लोखंडासाठीचा जाड मॅग्नेट घ्या. दुसरी अडचण पावसाळ्याची. जुलैत लाकूड फुगतं, दार नीट लागत नाही, फट वाढते. खोक्यावर वीस मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी मी कोरड्या दिवसांत पाच-सात मिलिमीटरच ठेवतो, म्हणजे दार फुगलं तरी हाताशी जागा राहते. परसदाराच्या बाबतीत हे विसरू नका.

वायर की वायरलेस? बांधकाम चालू असतं तर मी डोळे झाकून वायर म्हटलं असतं, आणि तीही विजेच्या पाइपातून नाही, वेगळ्या पाइपातून. तुमचं घर बांधून, रंगवून झालेलं. भिंती फोडायला आई तयार होणार नाहीत. अशा घराला दोन्ही चालवणारं पॅनेल घ्या: खालच्या मजल्यावर पुढचं दार, परसदार आणि हॉलचा सेन्सर वायरवर, वर गच्चीचं दार आणि जिन्याचा सेन्सर वायरलेस. खोक्यावरचं "रेंज शंभर मीटर" हे मोकळ्या मैदानातलं. एक स्लॅब आणि दोन भिंती त्यातला बराचसा भाग गिळतात. म्हणून पॅनेल जिन्याजवळ ठेवा. पण जिन्याखाली जमिनीलगत नको. २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या एका घरचं मी बसवलेलं पॅनेल असंच पाण्यात गेलं. चूक माझीच, जागा मी निवडली होती. आता छातीच्या वर लावतो.

वायरलेसमध्ये स्वस्त आणि बरा यांतला फरक दुकानात उभ्या उभ्या कळतो. विक्रेत्याला म्हणा, या दाराच्या सेन्सरमधला सेल काढा. आता पॅनेल मला कधी सांगेल? बरी सिस्टीम सेन्सरशी दर थोड्या वेळाने बोलत असते आणि सेन्सर गप्प झाला की तक्रार करते. स्वस्तातला सेन्सर फक्त वाजायच्या वेळी एकदा ओरडतो, बाकी तो जिवंत आहे की मेला हे पॅनेलला माहीतच नसतं. शिवाय अशा किटांचा रिमोट बहुधा दरवेळी एकच ठरलेला कोड पाठवतो, तो पकडून तसाच पुन्हा पाठवला की अलार्म बंद, आणि ते अवघड नाही. विक्रेता "सेल वर्षभर जातो हो" असं म्हणून विषय बदलायला लागला तर तिथून निघा. आणि खोक्यावर युरोपातल्या ईएन ५०१३१ मानकाचा दर्जा लिहिलेला असेल तर बघा. १ ते ४ अशा श्रेणी असतात, घराला दुसरी भरपूर झाली.

वायरिंगवाल्याचं काम कसं तपासायचं, तेही सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. सेन्सरचं झाकण उघडायला लावा. आत वायर जिथे स्क्रूखाली दाबली आहे तिथे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, रंगीत पट्ट्यांचा रेझिस्टर दिसला पाहिजे. पॅनेल सतत त्याचाच अवरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजत असतं. वायर कापली तरी कळतं, दोन वायरी सोलून एकमेकींना चिकटवल्या तरी कळतं. आळशी माणूस सगळे रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच लावून मोकळा होतो. सिस्टीम चालते, दिवे हिरवे दिसतात, पण वाटेत कुणी वायर शॉर्ट केली तर पॅनेलला पत्ता लागत नाही. झाकण उघडून रेझिस्टर दिसला नाही तर पैसे अडवून ठेवा.

वाय-फाय किटवाल्याची एकच परीक्षा घ्या. मीटरच्या पेटीतला मेन स्विच पाडा आणि मग दार उघडा. फोनवर निरोप आला का? रो-हाऊसची मीटरपेटी बाहेरच्या भिंतीवर असते, तो स्विच चोरालाही पाडता येतो. आणि वळवाच्या पहिल्या वादळात वीज जातेच. राउटर बंद, की किट मुकं. राउटरला छोटा यूपीएस लावता येतो, तरी मी नुसत्या वाय-फायवर घर सोडणार नाही. पॅनेलमध्ये सिम हवंच, आणि "वीज गेली" असा निरोप पाठवायची सोयही.

सिमची गोम अशी. बाजारात अजून टूजीवर चालणारी पॅनेलं विकली जातात आणि त्यांत जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टूजी नाहीच. फोरजी मॉड्यूलचं पॅनेल मागा. आणि रिचार्ज वर्षाचा मारा. अठ्ठावीस दिवसांचा मारला की दुसऱ्याच महिन्यात सगळे विसरतात, आणि अलार्म मुका झाल्याचं कळतं ते चाचणी घेतली तरच. तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आईवडिलांच्या नाही, तुमच्या.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची, स्कूटरच्या बॅटरीएवढी. पॅनेल, कीपॅड, चार-पाच सेन्सर आणि सिम मिळून साधारण २०० मिलिअँपिअर ओढतात असं धरा. सातला ०.२ ने भागलं तर ३५ तास येतात. जुनी बॅटरी, हूटरचा ओढा वगैरे धरून मी एक दिवस मोजतो. आपल्या उन्हात ती दोन-तीन वर्षांत बसते. बसवताना बॅटरीवर मार्करने महिना-वर्ष लिहून घ्या. किंमत हजाराच्या आसपास, त्यासाठी पूर्ण सिस्टीम आंधळी ठेवणारी घरं मी बघतो.

हूटर दोन हवेत. बाहेरचा वरच्या मजल्याच्या उंचीवर, छज्ज्यावरून हात पोचणार नाही अशा जागी, आत स्वतःची बॅटरी असलेला आणि दिवा लुकलुकणारा, म्हणजे कुठलं घर वाजतंय ते अंधारात कळेल. आतला जास्त महत्त्वाचा. हॉलमध्ये एकशे दहा डेसिबलचा हूटर वाजत असताना कपाटाचं कुलूप उचकटायला बसणं सोपं नाही, कान फाटतात. तीन-चार मिनिटांनी आपोआप थांबून सिस्टीम परत सज्ज होईल असं सेट करा. तासभर वाजत राहिला तर गल्ली चोरावर नाही, तुमच्यावर चिडेल.

आता तुमच्या घराची मांडणी. वायरवर पुढचं दार, परसदार, आणि हॉलच्या कोपऱ्यात जिन्याचं तोंड दिसेल असा एक सेन्सर. वायरलेसवर गच्चीचं दार, वरच्या जिन्याचा चौक, आणि कपाट असलेल्या खोलीत एक सेन्सर. सहा जागा झाल्या. प्रत्येक खिडकीला मॅग्नेट लावू नका; ग्रिल शाबूत असेल तर खिडकीतून आलेला माणूसही जिन्याचा किंवा कपाटाचा सेन्सर ओलांडल्याशिवाय काही करू शकत नाही. हळदीच्या एका पेढीत मी हौसेने चौदा सेन्सर लावले होते, हंगामात भिंगांवर पिवळी पूड बसून निम्मे आंधळे झाले आणि पुसायला कुणाला वेळ नव्हता. कमी लावा, पुसले जातील इतके.

रात्री आईवडील घरात असताना फक्त दारं चालू, आतले सेन्सर बंद. याला पॅनेलवर "स्टे" म्हणतात. वडील रात्री दोनदा उठत असतील तर हा फरक त्यांना शांतपणे दोन-तीनदा करून दाखवा. बाहेरून आल्यावर कोड टाकायला तीस सेकंदांऐवजी पंचेचाळीस द्या. गुडघे दुखत असताना पिशवी ठेवून चष्मा शोधावा लागतो. पलंगाशेजारी पॅनिक बटण, दिवसरात्र चालू, बाथरूममध्ये पडलं-झडलं तरी उपयोगी. धमकावून कोड टाकायला लावला तर गुपचूप निरोप पाठवणारा वेगळा कोड असतो, पण सत्तरीपुढच्या माणसाला मी तो शिकवत नाही. घाबरलेल्या अवस्थेत दोन कोडांची गल्लत ठरलेली.

निरोप कुणाला जावा? पुण्यातला मुलगा पहिल्या नंबरवर नको. तो चार तास लांब आहे. पहिला नंबर भिंतीला भिंत असलेल्या शेजारच्या काकांचा, दुसरा समोरच्या घराचा, मग मुलगा. त्यांना आधी जाऊन सांगा: आत शिरायचं नाही, आपल्या घराचे बाहेरचे दिवे लावायचे, मोठ्याने हाका मारायच्या आणि ११२ ला फोन करायचा. पॅनेलच्या ऑटो-डायलमध्ये ११२ टाकू नका, पालीसाठी पोलीस आले की तिसऱ्यांदा कुणी मनावर घेत नाही. लांबच्या मुक्कामाला जाताना पोलीस ठाण्यात सांगून जायला पोलीस स्वतःच सांगतात, तेही करा.

कॅमेरेवाल्याला नाही म्हणू नका, पण चाराऐवजी एक घ्या, हॉलमध्ये, पुढचं दार दिसेल असा. निरोप आला की खरंच कुणी आहे का हे फोनवर बघता येतं. चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, टीव्हीखाली ठेवलेली घरं मी पाहिलीत. चोर जाताना तोही घेऊन गेला. नुसता कॅमेरा चोरीचं चित्रण करतो, ती चालू असताना शेजाऱ्यांना उठवत नाही.

तर २५ हजारांत: चार-पाच हजार दारांच्या कामाला, पंधरा-सोळा हजारांपर्यंत अलार्म, उरलेल्यात कॅमेरा आणि सिमचा वर्षाचा रिचार्ज. वायरिंगवाल्याला परत बोलवा, वरच्या मजल्याचं वायरलेसमध्ये बसवायला सांगा, आणि कोटेशनवर फोरजी मॉड्यूल, बॅटरीची क्षमता, रेझिस्टर सेन्सरच्या टोकाला आणि पहिल्या तीन महिन्यांत दोन मोफत फेऱ्या हे लिहून घ्या. मोफत फेऱ्या लागतातच, कारण घराच्या सवयी पहिल्या दिवशी कळत नाहीत. काम संपल्यावर पॅनेलचा इन्स्टॉलर कोड (बसवणारा ज्याने सेटिंग बदलतो तो) बदलायला लावा, कारखान्यातून आलेला कोड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो.

दर महिन्याच्या एक तारखेला आईंनी अलार्म चालू करून परसदार उघडायचं, हूटर वाजला, मुलाला निरोप आला, बंद केलं. पाच मिनिटांचं काम. पहिल्या आठवड्यात मात्र तो एकदा-दोनदा चुकून वाजणार आहे, बहुधा सकाळी दूध घ्यायला दार उघडताना. शेजारच्या काकांना आधीच सांगून ठेवा.